सूट म्हणजे संरक्षण नव्हे

२४ मे १९६४. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शार्लट येथे सहाशे मैलांची मोटारशर्यत सुरू झाली होती. सातव्याच फेरीत पुढच्या दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या. त्यांना चुकवताना फायरबॉल रॉबर्ट्सची गाडी आतल्या भिंतीवर आपटून उलटली, पेट्रोलची टाकी फुटली आणि क्षणात आगीचा लोळ उठला. अपघातात सापडलेल्या नेड जॅरेट या दुसऱ्या चालकाने धावत जाऊन त्याला ओढून बाहेर काढले. तोवर रॉबर्ट्सचे जवळजवळ ८० टक्के शरीर भाजले होते. त्यानंतर तो ३९ दिवस जगला. २ जुलै रोजी न्यूमोनिया आणि रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाने त्याचा मृत्यू झाला. वय होते ३५.

त्या काळात बरेच चालक सुती पोशाख अग्निरोधक रसायनाच्या द्रावणात बुडवून, वाळवून अंगात घालत. रॉबर्ट्सच्या अंगावरचा पोशाख तसा नव्हता. याचे कारण बेफिकिरी नव्हते, त्याला दमा होता. त्या रसायनांचा त्याच्या श्वासाला त्रास होई.

ही कहाणी शर्यतीच्या इतिहासात नेहमी धाडसाची म्हणून सांगितली जाते. वैद्यकाच्या नजरेने पाहिले तर ती दुसरेच काही सांगते.

एडवर्ड ग्लेन रॉबर्ट्सचा जन्म १९२९ चा, फ्लोरिडातला. ‘फायरबॉल’ हे टोपणनाव आगीवरून पडलेले नाही. शाळकरी वयात तो बेसबॉलमध्ये अतिशय वेगवान चेंडू फेकायचा, त्यावरून ते पडले आणि जन्मभर चिकटले. दमा लहानपणापासून सोबत होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तो लष्कराच्या हवाई दलात भरती झाला. पण दम्यामुळेच त्याला काही महिन्यांत घरी पाठवण्यात आले. पुढे विद्यापीठात शिकत असतानाच तो शर्यतींकडे वळला.

स्टॉक कार म्हणजे मूळ अर्थाने कारखान्यातून बाहेर पडलेली, कुणीही विकत घेऊ शकेल अशी मोटार. डेटोना येथे अर्धी वाट समुद्राच्या वाळूतून आणि अर्धी डांबरी रस्त्यावरून अशा मार्गावर या गाड्या पळत. १९४८ साली नॅस्कार ही संस्था रीतसर स्थापन झाली आणि १९४९ मध्ये तिची साध्या गाड्यांची पहिली मालिका सुरू झाली. दार उघडू नये म्हणून ते कातडी पट्ट्याने बांधायचे, डोक्याला हलके शिरस्त्राण आणि अंगात रोजचा शर्ट, एवढ्यावर माणसे ताशी शंभर मैलांच्या पुढे जात. इंजिने दरवर्षी ताकदवान होत गेली, वेग वाढत गेला. पण पेट्रोलची टाकी मात्र मागच्या बाजूला लावलेला साधा पत्र्याचा डबाच राहिली.

रॉबर्ट्स या खेळाचा पहिला मोठा तारा. १९५८ साली त्याने अवघ्या १० शर्यतींत भाग घेतला आणि त्यांतल्या ६ जिंकल्या. १९६२ मध्ये त्याने डेटोनाची पाचशे मैलांची प्रतिष्ठेची शर्यत जिंकली. एकूण तीसहून अधिक विजय त्याच्या नावावर आहेत. श्वासाची खात्री नसलेला हा माणूस उन्हात, धुरात, तापलेल्या पत्र्याच्या पेटीत चार-चार तास गाडी हाकत होता.

त्या काळी दम्यावर उपचार कोणते होते? तोंडातून ओढायचा दाबयुक्त फवारा १९५६ साली बाजारात आला होता. पण त्यातली औषधे श्वासनलिका सैल करताना हृदयाची धडधडही वाढवत. साल्ब्युटामॉल आले १९६९ मध्ये. श्वासनलिकेची सूज काबूत ठेवणारा, रोज घ्यायचा स्टेरॉइडचा फवारा १९७२ मध्ये. म्हणजे १९६४ साली दम्याच्या रुग्णाला एकच खात्रीचा सल्ला होता: ज्याने त्रास होतो त्यापासून दूर राहा. दम्यात श्वासनलिका आधीच चिडखोर झालेल्या असतात. तीव्र वास, रसायनांची वाफ, धूर यांनी त्या आकुंचन पावतात आणि छातीत घरघर सुरू होते. तेव्हा रसायनात भिजवलेला पोशाख टाळणे हे रॉबर्ट्सच्या फुप्फुसांपुरते योग्यच होते. ताशी दीडशे मैल वेगात गाडी असताना दम्याचा झटका आला असता, तर त्याच्याबरोबर आणखी दोघा-तिघांचा जीव गेला असता.

चूक कुठे झाली, ते यानंतर पाहायला हवे. त्याला तो पोशाख सोसत नाही हे कळल्यावरही तो साध्या कपड्यांत शर्यतीत उतरू शकला. पण जे सोसत नाही त्याच्या जागी सोसेल असे दुसरे काय, हा प्रश्न तातडीने कुणी हाती घेतला नाही. सूट मिळाली आणि विषय संपला. आगीच्या लेखी मात्र सूट नावाचा प्रकारच नसतो.

भाजलेल्या रुग्णाच्या बाबतीत त्या काळचे वैद्यक किती तोकडे होते, हेही लक्षात घ्यायला हवे. त्वचा हा शरीराचा सर्वांत मोठा अवयव. ती पाणी आत राखते, जंतू बाहेर ठेवते, तापमान सांभाळते. ती जळाली की आधी शरीरातले पाणी आणि क्षार झपाट्याने निघून जातात. शिरेतून भरपूर द्रव देऊन रुग्ण त्यातून वाचला, तर पुढच्या आठवड्यांत जळालेल्या मृत त्वचेवर जंतू वाढतात आणि तिथून रक्तात शिरतात. रॉबर्ट्स पहिल्या टप्प्यातून तरला, दुसऱ्यात हरला. फ्रान्समधील बो या डॉक्टरांनी १९६१ साली एक साधा हिशेब मांडला होता: रुग्णाचे वय आणि भाजलेल्या शरीराची टक्केवारी यांची बेरीज शंभराच्या पुढे गेली, तर वाचण्याची आशा फार थोडी. रॉबर्ट्सची बेरीज ११५ होत होती. भाजलेल्या जागेवरील जंतू मारणारे सिल्व्हर सल्फाडायझिन हे मलम १९६८ मध्ये आले. जळालेली त्वचा पहिल्या काही दिवसांतच तासून काढायची आणि तिथे निरोगी त्वचेचे रोपण करायचे, ही पद्धत युगोस्लाव्हियातील शल्यचिकित्सक झोरा यांझेकोविच यांनी १९७० मध्ये जगासमोर मांडली. आज हा हिशेब पुष्कळ बदलला आहे. तरीही ८० टक्के भाजलेला रुग्ण वाचवणे कोणत्याही रुग्णालयात अवघडच आहे. म्हणूनच भाजण्यावरचा खरा उपचार रुग्णालयाच्या दाराबाहेर, आग लागण्याआधीच होत असतो.

त्याच वर्षी, रॉबर्ट्सच्या अपघाताच्या चार महिने आधी, जो वेदरली हा चालक कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे मरण पावला होता. तो सलग दोन वर्षांचा विजेता. गाडी भिंतीवर आदळली, त्याचे डोके खिडकीतून बाहेर गेले आणि भिंतीवर आपटले. खांद्यावरून जाणारा पट्टा त्याने बांधलेला नव्हता. गाडी पेटली तर आपण त्या पट्ट्यात अडकून पडू, ही त्याची भीती होती. एकाने आगीच्या भीतीने पट्टा टाळला आणि तो आघाताने गेला. दुसऱ्याने श्वासासाठी रसायन टाळले आणि तो आगीने गेला. दोघेही अविचारी नव्हते. दोघांनीही डोळ्यांसमोर दिसणारा धोका मोजला होता आणि न दिसणारा सोडून दिला होता. माणसाचे मन असेच चालते, शूराचेही आणि सामान्याचेही.

रॉबर्ट्स इस्पितळात असतानाच, ३० मे रोजी इंडियानापोलिसच्या शर्यतीत दुसऱ्याच फेरीत आग लागून एडी सॅक्स आणि डेव्ह मॅक्डोनाल्ड हे दोन चालक दगावले. एवढे झाल्यावर मात्र शहाणपण आले. पत्र्याच्या टाकीऐवजी रबराची, आत फोम भरलेली टाकी आली. ती चेपली तरी सहजासहजी फुटत नाही आणि आतले पेट्रोल एकदम उसळून बाहेर येत नाही. नोमेक्स या धाग्याचे पोशाख साठच्या दशकाच्या उत्तरार्धात वापरात आले. हा धागा मुळातच सहजी पेट घेत नाही, आचेने वितळून कातडीला चिकटत नाही. त्याला कोणत्याही द्रावणात बुडवावे लागत नाही. म्हणजे दम्याच्या चालकाची अडचण दूर झाली ती त्याला उपदेश करून नव्हे, तर कापड बदलून. चालकाचे डोके बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीला जाळी लावण्याची सक्ती मात्र सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, आणखी एका भीषण अपघातानंतर झाली.

या कहाणीचा बोध शर्यतीच्या मैदानापुरता नाही. वैद्यकाच्या रोजच्या व्यवहारात तो पावलोपावली भेटतो. हेल्मेटने मान दुखते, तेव्हा ‘हेल्मेट घालू नये’ असा दाखला द्या, अशी मागणी घेऊन लोक डॉक्टरांकडे येतात. मानेचे दुखणे खोटे नसते. पण दाखला खिशात ठेवून डांबरावर पडणाऱ्या डोक्याला त्या कागदाचा काय उपयोग? अशा रुग्णाला दाखल्याची नव्हे, योग्य मापाच्या, हलक्या, हवा खेळेल अशा प्रमाणित हेल्मेटची आणि मानेच्या उपचाराची गरज असते. गाडीच्या मागच्या आसनावर बसणारे आजही वेदरलीचीच भीती बोलून दाखवतात: पट्ट्यात अडकलो तर? पण धडकेनंतर शुद्धीवर असलेला माणूसच पट्टा सोडवून बाहेर पडू शकतो, आणि शुद्ध टिकवण्याचे काम पट्टाच करतो.

हेच शेतावर दिसते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर ‘मास्क, हातमोजे वापरत नाहीत, मग काय होणार’ असा सूर ऐकू आला. पाऊस उघडल्यावरच्या कुंद उकाड्यात, छातीएवढ्या वाढलेल्या कपाशीत, पाठीवर भरलेला पंप घेऊन तो प्लास्टिकचा पोशाख तासभर अंगात घालून पाहावा आणि मग बोलावे. सोसत नसलेले साधन माणूस काढून ठेवणारच. तिथे रागावणे म्हणजे अर्धे काम झाले. अंगाला सोसतील असे पूर्ण बाह्यांचे कपडे, सकाळच्या थंड वेळी आणि वाऱ्याची दिशा पाहून फवारणी, बांधावर साबण-पाणी, कमी विषारी औषध आणि मजुराला हे सारे पुरवण्याची मालकावर व शासनावर जबाबदारी, हे उरलेले अर्धे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. प्रत्येकाच्या सोयीने नियम वाकवायचे ठरवले तर नियमच उरणार नाही. गैरसोय थोडी सोसायलाच हवी. खरे आहे. हेल्मेटने केस विस्कटतात ही तक्रार आणि रसायनाने श्वास अडकतो ही तक्रार एका तागडीत तोलता येत नाहीत. पहिलीला ठाम नकारच द्यायला हवा. पण दुसरी तक्रार खरी आहे असे दिसले, की ‘बरे, मग राहू दे’ म्हणून मोकळे होण्याचा अधिकार ना नियम करणाऱ्याला आहे, ना डॉक्टरला. औषध मानवले नाही तर डॉक्टर ते बंद करतो, पण रुग्णाला औषधाविना सोडत नाही, दुसरे देतो. संरक्षणाच्या साधनांनाही हाच नियम लागू व्हावा. सूट देणाऱ्याने पर्याय शोधून द्यावा, आणि तो मिळेपर्यंत माणसाला त्या धोक्यापुढे उभे करू नये. रॉबर्ट्सच्या बाबतीत याचा अर्थ कदाचित काही शर्यती चुकणे एवढाच झाला असता.

डेटोनाच्या ज्या मैदानावर रॉबर्ट्सने आपली मोठी शर्यत जिंकली, त्याच्या जवळच त्याची कबर आहे. शर्यत असली की गाड्यांचा आवाज तिथवर येतो. त्या गाड्यांतले चालक आज जो पोशाख घालतात, तो दमा असलेल्या चालकालाही घालता येतो. असा पोशाख त्याला मिळायला हवा होता. तेवढे धाडस पुरवठा करणाऱ्यांनी दाखवले असते, तर त्याच्या धाडसाची गोष्ट आणखी बरीच वर्षे चालली असती.