बारदान्याचं मूळ बंगालच्या तळ्यात



2024-25 च्या हंगामात सोयाबीनची ट्रॉली घेऊन हमीभावाच्या केंद्रावर गेलात आणि 'बारदाना संपला' असं ऐकून रांगेत अडकलात, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आला. राग केंद्रावरच्या माणसावर निघाला. नियोजन चुकलंही असेल. पण पोतं मुळात येतं कुठून, हे कळल्याशिवाय पुढच्या हंगामाची तयारी होणार नाही.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे ताग म्हटलं की हिरवळीचं खत डोळ्यापुढे येतं. पोत्याचा ताग, म्हणजे ज्यूट, हे पीक वेगळं. त्याला नदीकाठची गाळाची जमीन आणि दमट हवा लागते. पेरणी मार्च ते मे, कापणी साधारण 100 ते 120 दिवसांनी. मग पेंढ्या बांधून तळ्यात किंवा ओढ्यात 15 ते 20 दिवस कुजवायच्या आणि पाण्यात उभं राहून धागा सोडवायचा. पाणी कमी पडलं की धागा काळपट होतो, भाव उतरतो.

म्हणून हे पीक पूर्वेलाच टिकलं. देशाच्या उत्पादनाचा बराच मोठा भाग एकट्या पश्चिम बंगालचा. मुर्शिदाबाद, नदिया, हुगळी, उत्तर 24 परगणा, कूचबिहार हे तिथले मुख्य जिल्हे. त्यानंतर बिहारमधला पूर्णिया, कटिहार, किशनगंजचा पट्टा आणि आसामातील नगाव, बरपेटा, धुबरीकडचा भाग. शेजारचा बांगलादेश हा दुसरा मोठा उत्पादक. 1947 च्या फाळणीत गिरण्या हुगळीकाठी आपल्याकडे राहिल्या आणि तागाची बहुतेक जमीन पलीकडे गेली. तेव्हापासूनची ही ओढाताण आहे.

आता अडचण पाहा. 1987 च्या कायद्याने सरकारी नियमानुसार धान्य 100 टक्के आणि साखर 20 टक्के तागाच्या पोत्यात भरावी लागते. म्हणजे मागणी पक्की, पण पुरवठा पावसावर. मे 2020 च्या अम्फान वादळात पिकाचं नुकसान झालं आणि कच्च्या तागाचे भाव भडकले. सप्टेंबर 2021 मध्ये सरकारने क्विंटलला 6500 रुपयांची कमाल मर्यादा घातली. त्या भावात माल मिळेना, काही गिरण्या बंद पडल्या. अखेर मे 2022 मध्ये मर्यादा उठवावी लागली. पुढे जून 2025 मध्ये बांगलादेशचा कच्चा ताग, सूत व कापड आणि ऑगस्टमध्ये पोतीसुद्धा खुष्कीच्या मार्गाने आणण्यास मनाई झाली. माल फक्त न्हावा शेवा बंदरातून येऊ शकतो, असं ठरलं.

तिकडच्या शेतकऱ्याला याचा फायदा किती? 2025-26 साठी हमीभाव 5650 रुपये होता. पण तळं आटलं तर प्रत घसरते आणि भाव हाती लागत नाही. आपल्या सोयाबीनची ओल निघते, तशीच त्याच्या धाग्याची प्रत निघते. दुखणं एकच.

आणखी एक नातं आहे. बंगालात धाग्यासाठी पीक बी पक्व होण्याआधीच कापतात, कारण त्याच रानात पुढे भात लावायचा असतो. त्यामुळे तागाचं बरंचसं बियाणं महाराष्ट्र आणि आंध्रच्या कोरड्या हवेत तयार होऊन तिकडे जातं. बियाणं आपलं, धागा त्यांचा, पोतं पुन्हा आपल्याकडे.

तेव्हा सरपंच, ग्रामसेवक आणि सोसायटीच्या सचिवांना विनंती, की नोंदणीचे आकडे पाहून बारदान्याची मागणी हंगामाआधीच लेखी नोंदवा. काटा सुरू झाल्यावर मागणी केली तर उशीर झालेला असतो. आणि शेतकऱ्यांनो, ट्रॉली भरण्याआधी केंद्रावर एकच प्रश्न विचारा, पोती किती शिल्लक आहेत? उत्तर मिळालं की मगच माल हलवा. भाड्याचा एक हेलपाटा तरी वाचेल.