सर्व्हिसिंगला दिलेली गाडी आणि हातातला कागद



आपल्या घरात पहिली चारचाकी येते तेव्हा ती कुणा एकट्याची नसते. वडिलांच्या फंडातले काही, मुलाच्या पगारावर काढलेले कर्ज काही, सुनेने भिशीत साठविलेले काही, असे जमवून ती दारात उभी राहते. हुडकेश्वर, पिपळा, नरसाळा, दिघोरी या भागात आज अशी पुष्कळ घरे आहेत. मुलगा बुटीबोरीला किंवा मिहानला कामावर त्याच गाडीने जातो, आणि रात्री-बेरात्री म्हाताऱ्या माणसाला मेडिकलमध्ये न्यायचे झाले तरी तीच गाडी काढावी लागते. गाडी बंद पडली तरी बँकेचा हप्ता बंद पडत नाही. म्हणून गाडीचे नुकसान म्हणजे घराच्या महिन्याच्या हिशेबाचेच नुकसान होय. हे नुकसान रस्त्यात न होता दुरुस्तीच्या जागीच झाले तर काय करावे, ते आज पाहू.

एक उदाहरण घेऊ. हुडकेश्वरच्या एका कुटुंबाने कंपनीच्या अधिकृत डीलरकडे गाडी सर्व्हिसिंगला दिली. इंजिन ऑइल बदलले, फिल्टर बदलला, बिल भरले, गाडी घरी आली. चार दिवसांनी मुलगा उमरेड रोडने निघाला असता समोर लाल रंगाचा ऑइलचा दिवा लागला. घर आता जवळच आहे, असे म्हणून त्याने गाडी तशीच पुढे नेली. थोड्याच वेळात खडखड आवाज आला आणि इंजिन जाम झाले. गाडी टोचन करून वर्कशॉपमध्ये न्यावी लागली. तेथील माणूस शांतपणे म्हणतो, "काकाजी, आमच्याकडून गाडी ओके गेली होती."

यात घडते काय, ते समजून घेतले पाहिजे. इंजिनच्या खाली ऑइलचे चेंबर असते. जुने ऑइल काढण्यासाठी त्याच्या तळाचा बोल्ट खोलतात. तो पुन्हा बसविताना सैल राहिला, जुनाच दबलेला वॉशर लावला किंवा जास्त आवळल्याने आटे गेले, तर गाडीच्या हादऱ्याने ऑइल थेंब थेंब गळू लागते. ऑइलचा दाब गेला की आतले धातूचे भाग एकमेकांवर कोरडे घासतात आणि काही मिनिटांत लाखाच्या घरातले काम निघू शकते. म्हणून पहिली गोष्ट घरातल्या प्रत्येक गाडी चालविणाऱ्याला सांगून ठेवा. ऑइलचा लाल दिवा लागला की गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचे आणि पुन्हा सुरू करून पाहायचे नाही. पुढे चालविलेली गाडी इंजिनही घालविते आणि आपली बाजूही कमजोर करते. "दिवा दिसत असताना चालविली कशाला?" हा प्रश्न डीलर हमखास विचारतो.

ओळख आणि आवाज यांचा उपयोग नाही

अशा वेळी आपल्याकडे दोनच प्रकार दिसतात. काही माणसे काचेच्या शोरूममध्ये शिरताच बुजतात. समोरचा टाय लावून इंग्रजी मिसळून बोलतो, आपला आवाज खाली जातो, आणि "साहेब, जरा पाहा ना" असे म्हणत आपण आपल्याच पैशांसाठी विनवणी करू लागतो. दुसरे, चार मुले गोळा करून जातात आणि काउंटरवर आरडाओरडा करतात. पहिल्या प्रकाराला डीलर आठ-आठ दिवस फिरवितो. दुसऱ्या प्रकारात मूळ तक्रार बाजूला राहते आणि ग्राहकाचीच उलट तक्रार पोलीस ठाण्यात जाते. दोन्ही मार्गांनी घराचेच नुकसान होते. खालच्या आवाजात बोलणाऱ्याच्या हाती तारखेचा कागद असेल, तर त्याची बाजू ओरडणाऱ्यापेक्षा बळकट असते.

तो कागद म्हणजे जॉब कार्ड. गाडी देताना किल्ली टेकवून निघून येऊ नका. जॉब कार्डावर मीटरचा किलोमीटरचा आकडा, आपण सांगितलेल्या तक्रारी, ठरलेली कामे आणि अंदाजे खर्च लिहून घ्या. आपल्याला मराठीत सांगायचे असेल तर मराठीत सांगा, आणि समोरच्याने जे लिहिले ते वाचून दाखवायला सांगा. त्याची प्रत मागा. गाडीचे चारही बाजूंनी आणि मीटरचा असे फोटो मोबाइलवर काढा. वाढीव काम निघाले तर फोनवर नुसते "हो" म्हणू नका, "मेसेज करा, मग सांगतो" असे म्हणा. गाडी परत घेताना "काम समाधानकारक झाले" अशा छापील ओळीखाली सही मागतात. आधी गाडी चालवून पाहा, बॉनेट उघडून ऑइलची पट्टी पाहा, गाडी उभी असलेल्या जागी खाली डाग पडला का ते पाहा, मगच सही करा. घाईत सही करावीच लागली तर शेजारी लिहा, "गाडी तपासली नाही." पक्के बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे.

तीन सापळे

गाडी बिघडून परत गेल्यावर तीन सापळे संभवतात.

पहिला सापळा विम्याचा. "काकाजी, कशाला वाद घालता? खालून दगड लागला असे लिहून द्या, विम्यातून करून टाकू." ऐकायला हे सोयीचे वाटते. परंतु त्या फॉर्मवर सही आपली असते. न लागलेला दगड लागला असे लिहिणे म्हणजे खोटे निवेदन. शिवाय दगड लागल्याचे आपणच लिहून दिल्यावर वर्कशॉपची चूक होती असे पुढे कोणत्या तोंडाने सांगणार? साध्या मोटार विम्यात यांत्रिक बिघाड धरलेला नसतो, हेही लक्षात ठेवा. दावा केला की पुढच्या वर्षीची नो क्लेम बोनसची सवलत जाते, ती वेगळीच.

दुसरा सापळा इंजिन खोलण्याचा. "खोलून पाहिल्याशिवाय काही सांगता येत नाही" हे खरे असते. पण आपण हजर नसताना खोललेल्या इंजिनातला सैल बोल्ट पुन्हा कोण दाखविणार? म्हणून लेखी कळवा की माझ्या समोरच खोलावे आणि निघालेले भाग जपून ठेवावेत. शक्य असल्यास परवानाधारक सर्वेक्षकाला किंवा जाणत्या मेकॅनिकला सोबत न्या आणि त्याचे मत सहीनिशी घ्या. बोल्ट, वॉशर, चेंबरचा तळ आणि ऑइलने माखलेला खालचा भाग यांचे फोटो घ्या.

तिसरा सापळा बिलाचा. दुरुस्तीचे पैसे मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा अधिकार १८७२ च्या करार कायद्याने कारागिराला दिला आहे. वर्कशॉप त्याच्या आधारे म्हणते, आधी पैसे भरा, मग गाडी न्या. गाडीवाचून काम अडत असेल तर पैसे भरा, पण बिलावर स्वच्छ लिहा, "हरकत राखून रक्कम दिली." त्या बिलाचा तेथेच फोटो घ्या. या चार शब्दांमुळे बिल आपण राजीखुशीने मान्य केले, असे कुणाला म्हणता येणार नाही. त्याच कायद्याने उलट बाजूही सांगितली आहे. सोपविलेल्या वस्तूची काळजी सामान्य समजदार माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तितकी घेतलीच पाहिजे. गाडी त्यांच्या ताब्यात असताना ओरखडा पडला, सामान गेले किंवा चाचणीच्या नावाने कुणी ती ठोकली, तर "आम्हाला माहीत नाही" एवढे उत्तर पुरत नाही.

तक्रार कशी लिहावी

तक्रारीत राग लिहू नका, तारखा लिहा. नमुना असा :

"दि. ... रोजी जॉब कार्ड क्र. ... अन्वये आपल्या वर्कशॉपमध्ये माझ्या गाडीचे (क्र. ...) इंजिन ऑइल बदलले. त्या वेळी मीटरवर ... कि.मी. होते. दि. ... रोजी ... कि.मी.वर ऑइलचा दिवा लागून इंजिन बंद पडले. ऑइल चेंबरच्या बोल्टमधून गळती झाल्याचे फोटो सोबत आहेत. हा आपल्या सेवेतील दोष आहे. इंजिनची दुरुस्ती विनामूल्य करून द्यावी व टोचनचा खर्च रु. ... परत करावा. आपले लेखी उत्तर पंधरा दिवसांत मिळावे."

हे पत्र वर्कशॉपच्या व्यवस्थापकाला ई-मेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवा. एक प्रत गाडीच्या कंपनीच्या ग्राहक विभागाला द्या. फोनवर जे बोलणे होईल ते त्याच दिवशी दोन ओळींत मेसेज करून कळवा, "आपण आज असे सांगितले." उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीकडे पोचवून पाठपुरावा करते. मात्र नोंदणी क्रमांक मिळतो आणि तोही एक कागदच आहे.

आयोगाचे दार

एवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. १९८६ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. ग्राहक जिथे राहतो वा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, ही त्यातील मोठी सोय. गाडी पुण्याला बिघडविली तरी हुडकेश्वरच्या माणसाला नागपुरातच दाद मागता येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील नसला तरी स्वतः उभे राहता येते. ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून तक्रार घरबसल्याही दाखल होते. मुदत मात्र घटना घडल्यापासून दोन वर्षांची आहे. डीलरच्या "पाहतो, करतो"मध्ये ही मुदत घालवू नका.

साधारण तीन महिन्यांत, आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात बरेचदा जास्त काळ लागतो, तेवढा धीर बांधूनच जावे. आयोगाचा आदेश न पाळणाऱ्याला तुरुंगवास आणि दंड यांची तरतूद आहे.

मुलगा स्वतः टॅक्सी चालवून घर चालवीत असेल तर "ही धंद्याची गाडी, तुम्ही ग्राहक नाही" असे सांगतील. घाबरू नका. केवळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू वा सेवा कायद्याने धंद्याची मानलेली नाही. पहिल्या मोफत सर्व्हिसिंगच्या वेळी नुकसान झाले आणि "फुकटच्या कामाची तक्रार कसली" असे कुणी म्हटले, तर त्या कामाची किंमत गाडीच्या किमतीतच घेतली आहे, हे तक्रारीत लिहावे.

कुणाविरुद्ध आणि काय मागायचे, हेही नीट ठरवावे. गोव्यातील एका ग्राहकाने २०११ चे मॉडेल म्हणून पैसे भरले आणि डीलरने त्याला २००९ ची, काही अंतर चाललेली गाडी दिली. खालच्या तिन्ही पायऱ्यांवर डीलर आणि टाटा मोटर्स दोघेही जबाबदार ठरले. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला त्यातून मोकळे केले. डीलर हा स्वतःच्या जबाबदारीवर व्यापार करतो, आणि त्याच्या चुकीची माहिती कंपनीला होती हे सिद्ध झाले नव्हते. म्हणून सर्व्हिसिंगच्या तक्रारीत पहिले नाव काम करणाऱ्या डीलरचे हवे. कंपनीची चूक असेल तर ती कोणती, ते वेगळे लिहा.

तसेच २००६ साली मारुती उद्योगच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की दोष क्लचचा असेल आणि हमीपत्र सदोष भाग बदलण्याचे असेल तर संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. रागाच्या भरात "मला नवी गाडीच पाहिजे" असे लिहिणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. इंजिनची दुरुस्ती, टोचन, त्या काळातले रिक्षा-टॅक्सीचे भाडे, तक्रारीचा खर्च, झालेला त्रास, यांचा पावत्यांसह हिशेब मांडावा. हिशेबातल्या रकमेला आधार असतो.

शेवटी एक भीती काढून टाकू. "भांडलो तर वॉरंटी बंद करतील" असे पुष्कळांना वाटते. तक्रार केली म्हणून वॉरंटी जात नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना दंड लावताना, बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असेही बजावले होते. त्या आदेशावर पुढे अपिले झाली, तरी वॉरंटीचा धाक दाखविणाऱ्याला "कोणत्या कलमाने, ते लेखी द्या" असे विचारायला हरकत नाही.

घरातली पोरे शिकली आहेत, मोबाइल हाताळतात. वडिलांनी गाडी वर्कशॉपला न्यायची तर मुलीला नाहीतर मुलाला सोबत न्यावे आणि जॉब कार्ड तिने वाचावे. हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी एवढे करा. गाडीचा पुढचा खण उघडा आणि मागच्या सर्व्हिसिंगचे जॉब कार्ड व बिल तिथे आहे का ते पाहा. नसेल तर उद्याच वर्कशॉपमध्ये जाऊन प्रत मागा. गाडी ठीक असताना ती सहज मिळते.