प्रवेशाच्या चळतीत हे कार्डही हवे

रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2023 साली सुरू झाले. पहिल्या तुकडीला शंभर जागा मिळाल्या आणि जिल्हा रुग्णालयाच्या वॉर्डांत पांढऱ्या कोटातली मुले दिसू लागली. डेरवणचे वालावलकर महाविद्यालय त्याआधीपासून, 2015 पासून आहे. नर्सिंगच्या मुली आहेत, प्रयोगशाळा तंत्रज्ञ होऊ पाहणारी मुले आहेत. इतक्या कोवळ्या हातांत इतक्या सुया या जिल्ह्याने पूर्वी पाहिल्या नव्हत्या. प्रत्येक अवघड दुखण्याला कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठणाऱ्या कोकणाला याचा आनंद आहेच. म्हणूनच या मुलांची काळजी वाटते. ही मुले शिकता शिकता स्वतः आजार घेऊन घरी जाऊ नयेत.

काळजी आहे ती ‘ब’ काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस बीची. वैद्यकीयच्या पहिल्याच वर्षी शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थी स्वतःच्या बोटाला सुई टोचून रक्त काढतो, रक्तगट पाहतो, पेशी मोजतो. रक्ताशी गाठ पडायला वॉर्डात जाण्याची वाट पाहावी लागत नाही. बाधित रुग्णाच्या रक्ताची सुई टोचली, तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीन इतकी असते. ‘क’ काविळीची शंभरात दोनपर्यंत. आणि लस न घेतलेल्या माणसाला ‘ब’ काविळीची शक्यता शंभरात सहापासून थेट तीसपर्यंत जाते. सुई टोचली की मुले एचआयव्हीच्या भीतीने रात्र जागून काढतात, ‘ब’चे नाव मनातही येत नाही. या तिन्हींपैकी लस आहे ती मात्र एकट्या ‘ब’वर. शिवाय हा विषाणू चिवट आहे. टेबलावर सांडून वाळलेल्या रक्तातही तो सात दिवस तग धरतो.

आपल्याकडे या दुर्लक्षाला एक जुने कारण आहे. कावीळ म्हटले की गावात झाडपाल्याचे औषध देणारा कोण, तिथूनच चौकशी सुरू होते. कुणी कावीळ उतरवून घेतो, कुणी तेल-तूप सोडतो, महिन्या-दीड महिन्यात डोळ्यांतला पिवळेपणा जातो आणि औषधाला गुण आला असे घर म्हणते. धडधाकट वयात ‘ब’ची लागण झालेल्या शंभरांपैकी पंचाण्णवांच्या आसपास लोक आपसूकच बरे होतात. झाडपाल्याला श्रेय मिळते ते या पंचाण्णवांमुळे. उरलेल्या पाचांचे कुणी विचारत नाही, कारण त्यांना काही होतच नसते. डोळे स्वच्छ, भूक चांगली, आणि विषाणू यकृतात वीस-वीस वर्षे मुक्काम करून. पुढे यकृत आक्रसते किंवा कर्करोग होतो, तेव्हा ती जुनी कावीळ कुणाला आठवतही नाही. कित्येकांना तर आठवावी अशी कावीळ कधी झालेलीच नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2022 साली भारतात जवळजवळ तीन कोटी लोक ‘ब’ विषाणू अंगात घेऊन जगत होते.

‘लहानपणी सगळ्या लसी झाल्यात’ हे उत्तर इथे पुरत नाही. राष्ट्रीय लसीकरणात ही लस 2002 साली प्रयोगादाखल आली, 2007-08 मध्ये दहा राज्यांत गेली आणि सगळ्या देशाला मिळायला 2011 उजाडले. त्यामुळे आज विशीपलीकडे असलेल्या मुलाने आईकडून जुने कार्ड मागून पाहावे. खासगी डॉक्टरांकडे पैसे देऊन लस घेतली असेल तर नोंद सापडेल, नाहीतर बहुधा नाहीच. त्याला शिकवणारे प्राध्यापक, प्रयोगशाळेचे परिचर, झाडू मारणाऱ्या मावशी तर त्या कार्यक्रमाच्या कितीतरी आधी जन्मलेल्या.

कायद्याने याचा विचार केलेला आहे, आणि चांगला केलेला आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापनाचे 2016 चे नियम फक्त रुग्णालयांना लागू आहेत असा अनेक प्राचार्यांचा समज असतो. ते शिक्षणसंस्थांनाही लागू आहेत. पशुवैद्यकीय संस्थांना, रक्तदान शिबिरांना, शाळेतल्या प्रथमोपचाराच्या खोलीलासुद्धा लागू आहेत. असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस टोचण्याची जबाबदारी त्या संस्थेवर टाकलेली आहे. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत रक्तगटाच्या तासानंतर काचपट्ट्या धुणारे मामा त्यात आले. राष्ट्रीय सेवा योजनेच्या रक्तदान शिबिरात कापसाचे बोळे गोळा करणारा स्वयंसेवकही त्यातून सुटत नाही. वापरलेली सुई पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात जायची असते. ती साध्या कचऱ्याच्या पिशवीत गेली, की पिशवी उचलणाऱ्या बाईच्या तळहातात घुसते. तिला मात्र कुठल्याच व्याख्यानाला बसवलेले नसते.

सुईचा असा प्रवास कुठवर जातो, ते गुजरातेतल्या मोडासाने 2009 च्या आरंभी दाखवले. वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्या गेल्या आणि साबरकांठा जिल्ह्यात ‘ब’ काविळीने अनेक बळी घेतले.

अमेरिकेत 1991 पासून नियम आहे, की कामात ज्याचा रक्ताशी संबंध येतो त्याला मालकाने नेमणुकीनंतर कामाच्या दहा दिवसांच्या आत ही लस फुकट देऊ केली पाहिजे. विद्यापीठांनाही तो लागू आहे. ज्याला लस नको असेल त्याने तसे सही करून लिहून द्यायचे. ही सहीची अट आम्हाला फार मोलाची वाटते. तिच्यामुळे विचारायचे राहून गेले, असे होत नाही. आपल्याकडे नेमके विचारायचेच राहून जाते. जिल्ह्यातले विद्यार्थी कुणी मुंबई विद्यापीठाचे, कुणी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे, कुणी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे, आणि सफाई कामगार ठेकेदाराचे. जो तो दुसऱ्याचा.

खर्चाचे कारण आता कुणी सांगू नये. 1997 साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ही लस देशातच बनवली, तेव्हापासून ती सामान्यांच्या आवाक्यात येत गेली. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाची आणि बाधितांच्या मोफत तपासणी-उपचाराची तरतूद आहे. संस्थेने जिल्हा रुग्णालयाकडे नावांची यादी घेऊन जायला हवे. त्या यादीत शिपाई आणि कंत्राटी कामगार असायला हवेत, विद्यार्थी असायला हवेत.

इथे एका गोष्टीची धास्तीही वाटते. लसीची मोहीम सुरू झाली की तपासणीही होईल, आणि एखादी मुलगी बाधित निघेल. मग तिला वेगळे ताट, वेगळी खोली, मेसमध्ये कुजबुज. हा विषाणू एका ताटात जेवल्याने, हात मिळवल्याने, डास चावल्याने पसरत नाही. वस्तरा, ब्लेड, दात घासायचा ब्रश मात्र वसतिगृहात कुणी कुणाचा वापरू नये. तिचे शिक्षण थांबवण्याचा अधिकार कुणालाही नाही. न्यू जर्सीच्या वैद्यकीय विद्यापीठाने दोघा बाधित विद्यार्थ्यांना दार बंद केले होते. 2013 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यापुढे त्या विद्यापीठाला तडजोड करून त्यांना प्रवेश द्यावा लागला. तपासणीचा अहवाल डॉक्टर आणि ती मुलगी यांच्यातच राहील, ही हमी आधी द्या, लस नंतर.

आणि सुई टोचलीच तर? बोट दाबून पिळू नये, साबण-पाण्याने धुवावे आणि लगेच सांगावे. लस न घेतलेल्याला तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन शक्यतो चोवीस तासांच्या आत मिळायला हवे, सोबत लसीची पहिली मात्रा. पण मुले सांगत नाहीत. टोपण परत लावताना सुई लागली म्हटले तर मॅडम ओरडतील, मित्र हसतील, कामाला मुकेन, असे प्रत्येकाचे आपापले भय असते. ज्या विभागात ‘कुणाला लागले का’ असे दर आठवड्याला सहजपणे विचारले जाते, तिथेच ही माहिती बाहेर येते. हे काम विभागप्रमुखांचे आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

हिशेब साधा आहे. मात्रा तीन: आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. प्रवेश ऑगस्टमध्ये झाला तर दुसरी मात्रा सप्टेंबरात, तिसरी फेब्रुवारीत पडते. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत रक्तातली प्रतिपिंडे मोजायची. ती मिलिलिटरमागे दहा मिली-युनिट किंवा जास्त भरली म्हणजे लस लागू पडली. तेवढी भरली नाहीत तर पुन्हा तीन मात्रा. पहिल्या दिवशी सुरुवात केली तर हे सारे दुसऱ्या वर्षाच्या वॉर्डाआधी उरकते. वॉर्ड सुरू झाल्यावर आठवण झाली तर ते सहा महिने मूल उघडे पडते. म्हणून जातीचा दाखला, गुणपत्रिका, अधिवास यांच्या चळतीत लसीच्या तारखांचे कार्ड प्रवेशाच्या खिडकीवरच मागावे, आणि ज्याच्याकडे नसेल त्याला तिथूनच लसीच्या टेबलाकडे पाठवावे.

मावशींचे कार्ड मात्र ठेकेदाराच्या फायलीत ठेवू नये. ठेकेदार बदलतो, फाईल त्याच्याबरोबर जाते, आणि नव्या ठेकेदाराकडे मावशींची पहिलीच मात्रा परत पहिली होते. ते कार्ड त्यांच्याच हातात द्यावे, आणि तिसऱ्या मात्रेची तारीख त्यांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात त्यावर लिहावी.