चातुर्मासाचा एक राहिलेला नेम

श्रीतुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून काटेवाडीस मेंढ्यांचे रिंगण घेते आणि सायंकाळी सणसरला विसावते. दुसऱ्या दिवशी ती बेलवाडीच्या गोल रिंगणाकडे निघते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेले हे उसाचे गाव त्या रात्री दारोदारी चुली पेटवून जागे असते. पहाटेचे स्नान, दिवसभर चालणे, मुखी नाम, दुपारी पिठले-भाकरी, सायंकाळी कीर्तन आणि मग गाढ झोप, हा वारकऱ्याचा दिनक्रम. कर्जाचा हप्ता आणि लांबलेला पाऊस त्याच्याही पाठीस असतातच. तरीही त्याच्या चेहऱ्यावर जी स्वस्थता दिसते, तिचे श्रेय भक्तीइतकेच या दिनक्रमालाही आहे, असे आम्हांस वाटते. चालणे, झोप आणि सोबत यांनी मन सावरते, हे आजचे वैद्यकही मान्य करते.

पालखी पुढे जाते आणि घरोघरी चातुर्मासाचे नेम ठरू लागतात. कोणी कांदा-लसूण सोडतो, कोणी वांगे. सोडण्याचे नेम आपल्याला चांगले जमतात. स्वतःची काळजी घेण्याचा नेम मात्र कोणी धरीत नाही, गृहिणी तर नाहीच नाही. वारकऱ्यांच्या पंगती वाढून जी माउली शेवटी पातेल्यातले खरवडून गार भाकरीबरोबर उभ्याउभ्या खाते, तिच्या चिडचिडीला आपण स्वभाव म्हणतो. पुष्कळदा ती नुसती भूक असते, अपुरी झोप असते. या चार महिन्यांत सर्वांनी एका वेळी पानावर बसावे आणि तिचे पान अगोदर मांडावे. या नेमाला कोणत्या पोथीची हरकत असेल?

एकादशीबद्दलही बोलले पाहिजे. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच वाडवडिलांची. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि तो ज्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला! सकाळी खिचडी, दुपारी वडे, रात्री पुन्हा तेच. मग नामाऐवजी डुलकी येते. त्यापेक्षा भगर, दाण्याची आमटी, ताक, एखादे फळ, तेही बेताने, हे पोटाला आणि मनाला मानवते. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अति खाणाऱ्यास योग साधत नाही असे सांगितले, तसेच मुळीच न खाणाऱ्यासही साधत नाही असे सांगितले. दुसरा भाग आपण सोयीने विसरतो. मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून कडक उपवास करूच नये. मनाच्या आजाराची गोळी ‘उपवासाला चालत नाही’ म्हणून चुकविणे तर फार घातक. औषध हे अन्न नव्हे.

आहारविहाराने सारेच बरे होते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, जीव नकोसा वाटतो, अशा माणसाला नुसते ‘नामस्मरण कर’ असे सांगून घरी बसवू नये. त्याला डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक विनामूल्य असून तेथे मराठीतही बोलता येते. देवघराशेजारच्या भिंतीवरील पंचांगावर तो मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.