टिकत नाहीत, की टिकू दिलं जात नाही?

‘मुली इंजिनिअर होतात हो, पण टिकत नाहीत.’ लैंगिक छळविरोधी अंतर्गत समितीवरची बाहेरची सदस्य म्हणून पुणे परिसरातल्या कारखान्यांमध्ये माझं जाणं-येणं असतं. तिथे हे वाक्य मी मॅनेजरांकडून ऐकलं आहे, एचआरच्या बायकांकडून ऐकलं आहे आणि युनियनच्या पुढाऱ्यांकडूनही ऐकलं आहे. ऐकायला ते काळजीचं वाटतं. पण ‘टिकणं’ हा शब्द आपण एरवी कशासाठी वापरतो? दूध टिकत नाही, भाजी टिकत नाही. म्हणजे दोष नेहमी जिनसेचा, साठवणाऱ्याचा नाही. मुली टिकत नाहीत असं म्हणून टाकलं, की कारखान्यात काय चालतं हा प्रश्नच उरत नाही.

मुली येतच नाहीत, असं तर कोणी म्हणू शकणार नाही. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२०-२१ साली इंजिनिअरिंग आणि तंत्रशिक्षण घेणाऱ्यांमध्ये शंभरात २९ मुली होत्या. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. महर्षी कर्वे स्त्रीशिक्षण संस्थेनं १९९१ साली पुण्यात केवळ मुलींसाठी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. २०२४ साली राज्य सरकारनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागासवर्गीय घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची पूर्ण फी माफ केली. आईबापांनी कर्ज काढलं, मुलींनी रात्री जागवल्या. कारखान्याच्या फाटकापर्यंत त्या स्वतःच्या पायांनी चालत आल्या. फाटकाच्या आत काय होतं, हा खरा प्रश्न आहे.

हे फाटक मुळात उघडलं तेच किती उशिरा! १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत ‘स्त्रियांनी अर्ज करू नयेत’ असं छापलेलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि त्यांना नोकरी मिळाली. ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो. पण ती एका कार्डाची आणि एका मालकाच्या मोठेपणाची गोष्ट आहे. कायदा तेव्हाही आडवाच होता. १९४८ च्या कारखाने कायद्यानं स्त्रियांना सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळात कामाला ठेवता येत असे. रात्रपाळी करता येत नाही म्हणून उत्पादनात घ्यायचं नाही, हे कारण कित्येक वर्षं बिनदिक्कत चाललं. महाराष्ट्रानं २०१५ साली अटी घालून ही बंदी उठवली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितेतही स्त्रीच्या संमतीनं रात्रपाळी देता येते. पण जिची नोकरी अजून पक्की झालेली नाही, त्या ट्रेनी मुलीची संमती म्हणजे काय, हे कोणी विचारतं का? ‘नाही’ म्हटलं तर तिला लाइनवर रस नाही, ‘हो’ म्हटलं तर बस वस्तीपासून दीड किलोमीटरवर सोडणार!

बंदी गेली, पण वृत्ती गेली नाही. ती आता मायेचं रूप घेऊन येते. ‘तुला कशाला साइटवर पाठवायचं?’ ‘मेंटेनन्सला रात्री-अपरात्री बोलावतात, तू डिझाइनला बस.’ ‘कागदपत्रं नीट ठेवायला मुलीच बऱ्या.’ मुलीला वाटतं, साहेब चांगले आहेत. सहा-सात वर्षांनी बढतीची यादी निघते आणि तिला सांगितलं जातं की तुझ्याकडे लाइनचा अनुभव नाही. ज्यांनी तो अनुभव घेऊ दिला नाही, तेच त्याच्या अभावाचा दाखला देतात. तिच्याबरोबर लागलेला मुलगा तिचा साहेब होतो. मग ती राजीनामा देते, कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’ असं लिहिते, आणि एचआरची फाइल बंद होते.

या ‘घरगुती’ शब्दामागे काय काय दडलेलं असतं, ते मी या बायकांशी बोलून जाणते. शॉप फ्लोअरपासून दहा मिनिटं दूर असलेलं स्वच्छतागृह, म्हणून पाणी न पिण्याची सवय. पुरुषांच्या मापाचे सेफ्टी शूज आणि हातमोजे. पाच वाजता घर गाठणाऱ्या आईकडे पाहून साडेपाचला ठेवलेली मीटिंग. अमेरिकेत विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठाच्या नाद्या फुआद आणि रोमिला सिंग यांचा स्त्री इंजिनिअरांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. काम सोडलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी कामाची परिस्थिती, फिरती, खुंटलेली बढती आणि कमी पगार ही कारणं दिली होती. एक तृतीयांश स्त्रियांनी तिथलं वातावरण आणि वरिष्ठ यांच्याकडे बोट दाखवलं. घरासाठी वेळ हवा म्हणणाऱ्या चारांत एक होत्या. देश वेगळा असला, तरी आपल्याकडच्या फायलींतल्या ‘घरगुती’वर शंका घ्यायला एवढं पुरेसं आहे.

आता मुलांचा प्रश्न. कारखाने कायद्यात तीसपेक्षा जास्त स्त्रिया असतील तरच पाळणाघर सक्तीचं होतं. म्हणजे मूल फक्त बाईचं, आणि मालकाला तिसाच्या आत थांबण्याची सोय! २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीनं पन्नास कर्मचारी, मग ते स्त्री असोत की पुरुष, ही मोजणी आणली. तत्त्व म्हणून ही मोठीच गोष्ट होती. पण त्याच दुरुस्तीनं रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे केली आणि राज्य विम्याच्या कक्षेबाहेरच्या नोकरदार स्त्रीच्या रजेचा पगार मालकाच्याच खिशातून द्यायला लावला. बापाच्या रजेचं नावही काढलं नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात. खाजगी कारखान्यातल्या बापाला कायद्यानं एक दिवसही नाही. मग मुलाखतीत ‘लग्न कधी?’ हा प्रश्न मुलीलाच विचारला जाणार, यात नवल ते काय? रजा कमी करा असं मी मुळीच म्हणत नाही. रजेचा खर्च सामाजिक विम्यातून व्हावा आणि बापालाही रजा सक्तीची व्हावी, म्हणजे बाईला कामावर घेणं हा ‘धोका’ राहणार नाही.

आपल्यातल्या काही मैत्रिणी विचारतील, या चांगल्या पगाराच्या मुलींसाठी आपण का भांडायचं? कंत्राटी कामगार बायकांचे प्रश्न काय थोडे आहेत? आक्षेप रास्त आहे. पण त्याच शॉप फ्लोअरवर मराठवाड्या-विदर्भातून आलेल्या अठरा-वीस वर्षांच्या मुली ट्रेनी म्हणून लाइनवर उभ्या असतात, आणि त्यांनाही तेच दूरचं स्वच्छतागृह असतं. इंजिनिअर बाईला निदान राजीनामा तरी देता येतो. यांचं नाव पुढच्या महिन्यापासून नुसतं गळतं. दोघींच्या मागण्या एकत्र मांडल्या, तरच व्यवस्थापनाला एकीला गुलाबाचं फूल आणि दुसरीला नारळ देता येणार नाही. हा बहीणभाव आपोआप येणार नाही. जात आणि पगार मध्ये उभे आहेत. तो जुळवणं हे आपल्यासारख्या संघटनांचंच काम आहे.

दर ८ मार्चला कंपन्या आपल्याला भाषणाला बोलावतात. यंदा जायच्या आधी त्यांच्याकडे लेखी माहिती मागू या. पाच वर्षांपूर्वी किती मुली घेतल्या? आज किती आहेत? लाइनवर किती, कागदावर किती? बाळंतपणानंतर किती परतल्या आणि त्यांना तेच पद मिळालं का? पाळणाघर कुठे आहे, त्यात किती बापांची मुलं आहेत? कंत्राटी बायका या आकड्यांत धरल्या आहेत की नाहीत? उत्तरं दिली तर जरूर जाऊ आणि त्या आकड्यांवरच बोलू. दिली नाहीत, तर फाटकाबाहेर पहिली पाळी सुटण्याच्या वेळी उभ्या राहू. ऐकणाऱ्या तिथेच भेटतील.