इंजिन खोलण्याआधी

जुनी मोटार वापरणाऱ्या बहुतेक संघटनांच्या वाट्याला एक वाक्य कधी ना कधी येतं : ‘हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल.’ ते ऐकलं की खजिनदारबाईंचा चेहरा उतरतो आणि पुढचं सगळं गॅरेजवाला ठरवतो. माझं म्हणणं साधं आहे. ‘गॅस्केट गेलंय’ हा आधी एक संशय असतो. त्या संशयाची तपासणी करता येते, इंजिन खोलण्याच्या मानाने ती फार स्वस्त पडते, आणि ती झाल्याशिवाय इंजिनला हात लावू न देणं हा पैसे देणारीचा हक्क आहे.

आमची व्हॅन १६ वर्षांची. वस्तीवरच्या बैठका, पोटगीच्या तारखा, रात्री-अपरात्रीचा दवाखाना, सगळं तिच्याच जिवावर. गेल्या उन्हाळ्यात पसरणीच्या घाटात तापमानाचा काटा लालपर्यंत चढला. गाडी आमची एक कार्यकर्तीच चालवते. तिने ती कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि रेडिएटरच्या झाकणाला कुणालाही हात लावू दिला नाही. आत दाबाखालचं उकळतं पाणी असतं. कुकरची वाफ जिरण्याआधी झाकण उघडलं तर काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने पाच मिनिटांत निदान सांगितलं. सांगितलं कुणाला? तर सोबत आलेल्या आमच्या हिशेबनीसाला, ज्याला गाडी चालवताही येत नाही. ‘साहेब, हेड खोलावं लागेल.’ चालवणारी समोर उभी होती. पाणी किती दिवसांपासून कमी होतंय, काटा कुठे कुठे वर गेला, हे तिच्या वहीत तारीखवार लिहिलेलं होतं. तिने विचारलं, ‘दादा, कशावरून?’ उत्तर आलं, ‘ताई, तुम्हाला नाही कळायचं त्यातलं.’

मैत्रिणींनो, त्यातलं कळायला काय लागतं ते पाहू.

इंजिनचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक, वरचा भाग म्हणजे हेड. दोघांच्या मधली चपटी, भोकं पाडलेली पट्टी म्हणजे हेड गॅस्केट. कुकरची रिंग जे काम करते तेच हिचं, पण तिप्पट. जळणाऱ्या पेट्रोलचा दाब, थंड ठेवणारं पाणी आणि ऑइल या तिन्ही गोष्टी आपापल्या वाटेने जाव्यात, एकमेकींत मिसळू नयेत, हे ती पाहते. इंजिन फार तापलं की हेड वाकतं, पट्टीवरचा दाब सुटतो आणि गळती सुरू होते.

खुणा ठरलेल्या आहेत. बाहेर कुठेही गळती नसताना पाणी कमी होणं. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरी वाफ येत राहणं. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसणं. रेडिएटरमध्ये बुडबुडे येणं. पण यातल्या एकेका खुणेचं दुसरं कारणही असू शकतं. थंडीच्या सकाळी निरोगी गाडीही पांढरी वाफ सोडते. रोज जवळच्या जवळच फिरणाऱ्या गाडीत ऑइलच्या झाकणाखाली दमटपणाने दुधाळ थर धरतो. काटा वर जाण्यामागे अडकलेला थर्मोस्टॅट, बंद पडलेला पंखा, गळका पाण्याचा पंप किंवा रेडिएटरचं सैल झाकण, यातलं काहीही असू शकतं. म्हणून नुसत्या नजरेवर इंजिन खोलू द्यायचं नाही.

तपासण्या मुख्यतः तीन. थंड इंजिनच्या रेडिएटरला हातपंप लावून दाब भरायचा आणि तो टिकतो का ते पाहायचं. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी भरले तर संशय वाढतो. आणि रेडिएटरच्या तोंडाशी येणारी हवा एका निळ्या द्रावातून ओढायची. जळालेला वायू पाण्यात शिरत असेल तर पेट्रोल गाडीत तो द्राव पिवळा होतो. हे पाहायला पदवी लागत नाही, डोळे लागतात.

पहिल्या गॅरेजात यातलं काही करायची तयारी नव्हती. आम्ही गाडी दुसरीकडे नेली. आमच्या कार्यकर्तीच्या डोळ्यांसमोर द्राव पिवळा झाला. म्हणजे गॅस्केट खरंच गेलेलं होतं. ‘मग एवढे प्रश्न विचारून काय मिळवलं?’ असं आमच्याच बैठकीत एकीने विचारलं.

मिळालं ते असं. गॅस्केट का गेलं, हा पुढचा प्रश्न विचारता आला, तेव्हा रेडिएटरचा पंखा चालू करणारा स्विच मेलेला सापडला. तो तसाच राहिला असता तर नवं गॅस्केटही गेलं असतं. काम देताना यादी लिहून देता आली : हेड सपाट आहे का ते पट्टीने तपासायचं, वाकलं असेल तर लेथवर फेसिंग करायचं, तडा आहे का पाहायचं, बोल्ट ठरलेल्या क्रमाने टॉर्कच्या पान्याने आवळायचे, ऑइल, फिल्टर आणि कूलंट नवं भरायचं. गळती बुजवणारं औषध ओतून बघा, असा स्वस्त सल्लाही मिळाला होता. तो आम्ही नाकारला. त्याने काही दिवस निभतं, पण रेडिएटरच्या नळ्या तुंबू शकतात. गॅस्केटची किंमत थोडी, मजुरीच जास्त. ती का जास्त हे कळलं, म्हणून जुन्या गाडीवर खर्च करायचा की नाही हे बैठकीत सगळ्यांनी मिळून ठरवलं.

‘तुम्हाला नाही कळायचं’ हे वाक्य आपण फक्त गॅरेजात ऐकत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. शरीराची आणि लोखंडाची बरोबरी होत नाही. पण तपासणी न करता ‘काढावं लागेल’ म्हणायचं, आणि बाईऐवजी सोबतच्या पुरुषाशी बोलायचं, ही रीत आपल्या ओळखीची आहे. जिथे ती दिसेल तिथे ‘कशावरून?’ हा एकच प्रश्न लागू पडतो.

गॅरेजमधला कामगार आपला शत्रू नाही. बरेचदा तो लहानपणापासून हात काळे करत, कुणी न शिकवता शिकलेला असतो. त्याच्या कष्टाची मजुरी द्यायलाच हवी. पण बिल मागायचं, काढलेला भाग दाखवायला सांगायचं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे देऊन घेतलेली दुरुस्ती ही सेवा आहे, आणि बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

ज्या संघटनांकडे गाडी आहे त्यांना तीन गोष्टी सुचवते. गाडीत एक वही ठेवा. पाणी, ऑइल आणि काटा यांची नोंद चालवणारीने करावी. पुढच्या शिबिरात कायद्याच्या सत्राशेजारी एक तास बॉनेट उघडून बसा. आणि गॅरेजच्या कागदावर नाव लिहिताना गाडी चालवणारीचं लिहा, म्हणजे फोन तिला येईल.