वारसनोंद आणि अर्जाची पोंच

वडिलांच्या पश्चात् वारसनोंद करावयाची झाली, म्हणजे आपल्यांतील पुष्कळ खातेदार अर्ज लिहिण्यापूर्वीं ‘किती द्यावे लागतील’ याचीच चौकशी करितात. आणि पुढें पारावर सरकारी नोकरांच्या लोभाची चर्चा रंगवितात! लोभ आहे, हें कोण नाकारील? परंतु भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यांत २०१८ सालीं झालेल्या दुरुस्तीनें लांच देणाराहि गुन्हेगार ठरतो. ज्यास देणें भाग पाडलें, त्यानें सात दिवसांचे आंत तपासयंत्रणेस कळविलें तरच त्यास दोष लागत नाहीं. ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक दिसते.

सरळ मार्ग कागदाचा आहे. जमीन महसूल संहितेच्या (१९६६) कलम १५० प्रमाणें फेरफाराची नोटीस चावडींत लागते, संबंधितांस लेखी कळविलें जातें व हरकती घेतल्या जातात. एवढा अवधि जावयाचाच; त्यास दिरंगाई म्हणूं नये. खऱ्या दिरंगाईवर महाराष्ट्रांत २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवेची मुदत टळल्यास दोन अपिलें, त्यानंतर आयोग, आणि कसूर ठरल्यास अधिकाऱ्यास ५०० ते ५००० रुपये दंड. मात्र मुदत मोजावयाची ती अर्जाच्या तारखेपासून. तोंडी सांगितलेल्या कामास मुदत कसली? म्हणून पोंच घेतल्यावांचून चावडीची पायरी उतरूं नये.

मोठ्या बागाइतदारास पोंच मागणें कमीपणाचें वाटतें; तो खिशांत हात घालून मोकळा होतो. त्याला तें परवडतें. पण त्यानें पाडलेला दर उद्यां अर्ध्या एकराच्या विधवेकडे मागितला जातो.